बिर्काची बाई होताना

जुन्या व्हायकिंगांचं जगणं वेशभूषेसकट करून दाखवणाऱ्या स्टॉकहोममधल्या आमच्या गटात उन्हाळी बाजाराला उभं राहायचं तर आधी कपडे तपासून घ्यावे लागतात. तपासणाऱ्या बाई गोड बोलतात, पण एक टाका सोडत नाहीत. गट दहाव्या शतकातलं बिर्का दाखवतो, त्यामुळे अंगावरच्या प्रत्येक वस्तूबद्दल त्यांचा प्रश्न ठरलेला: हे कुठे सापडलं? शिंगांच्या शिरस्त्राणाचा तर विषयच नाही. ती १८७६ साली जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातल्या वेशभूषेची देणगी.

बिर्का म्हणजे मेलारेन सरोवरातल्या बेटावरचं व्यापारी गाव. एकोणिसाव्या शतकात यालमार स्टोल्पे यांनी तिथली अकराशेच्या आसपास थडगी खणली. कापड मातीत कुजतं, पण ब्राँझच्या ब्रोचला, म्हणजे कपडा अडकवायच्या पिनेला, चिकटलेलं तेवढं धातूच्या गंजामुळे टिकलं. म्हणून छातीपाशी काय होतं ते बऱ्यापैकी कळतं, आणि तिथून वर किंवा खाली सरकलं की पुरावा विरळ होत जातो.

आतला लिननचा झगा त्या मानाने सोपा. दुकानदाराने शंभर टक्के लिनन म्हणून शपथ घेतली तरी मी धागा जाळून पाहिला. राख भुरभुरली तर ठीक, काळी टणक गाठ झाली की पॉलिएस्टर. काखेत चौकोनी तुकडा, बाजूंना कळ्या, सगळी शिवण हाताने. परकराच्या कळ्या बेतलेल्या आईला फोनवर फार समजवावं लागलं नाही. तिला एवढंच पटेना की घरात मशीन असताना पोरगी दिवसदिवस तुरपाई का करतेय.

त्यावर खांद्यावरून पट्ट्यांनी अडकवायचा लोकरी झगा. ब्रोचच्या आत लिननचे बारीक फास सापडले आहेत, त्यावरून पट्ट्या होत्या हे नक्की. पुढून तो उघडा होता की बंद, यावर अभ्यासक अजून भांडतात. मी बंद केला. हेडेबी या आता जर्मनीत असलेल्या व्हायकिंग गावाच्या बंदरात एक लोकरी तुकडा मिळाला, कुणीतरी फाडून जहाजाला डांबर लावायची चिंधी केलेला. त्यावर अंगाबरोबर बेतलेली चुणी आणि तिच्यावरून शिवलेला गोफ दिसतो. मला संग्रहालयातल्या दागिन्यांपेक्षा त्या चिंधीने जास्त शिकवलं. कापड मी शंकरपाळ्यांसारख्या विणीचं घेतलं, मंजिष्ठाच्या युरोपीय भावंडाने रंगवलेलं. कासवाच्या पाठीसारखे दोन ब्रोच नकलेचे असले तरी चांगलेच जड, पातळ कापड खाली ओढतात. मधल्या माळेत काचमणी आणि थोडे लाल अकीक. बिर्कात अकीक भरपूर मिळालेत, पूर्वेकडच्या व्यापारातून आलेले.

खरी पंचाईत डोक्याची. लग्न झालेली बाई डोकं झाकायचीच, असं जिथे तिथे ठासून सांगतात, पण बिर्काच्या थडग्यांतून ते सिद्ध होत नाही. काही थडग्यांत डोक्यापाशी चांदीच्या तारेच्या विणलेल्या पट्ट्या होत्या, पण त्या श्रीमंतांच्या. मी दाखवणार सूत कातणारी. बाजारात सगळ्याजणी घालतात ती टोपी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या कॉपरगेटच्या उत्खननातली: रेशमाचा लांबट तुकडा दुमडून मागे शिवलेला, मागचा कोपरा गोलसर केलेला, बांधायला लिननच्या नाड्या. इंग्लंडमधल्याच लिंकन शहरात तशीच मिळाली, डब्लिनला रेशमी आणि लोकरी दोन्ही. म्हणजे टोपी उत्तर समुद्रापलीकडची आणि ब्रोच मेलारेनचे. शिवायला सोपी म्हणून ती सगळीकडे पसरली, असं माझं मत.

मी दोन्ही करून नेलं, लिननची टोपी आणि साधा चौकोनी रुमाल. रुमाल मानेमागे गाठ मारून बांधला, तर हात आपोआप टोक पदरासारखं खोचायला गेला. तपासणाऱ्या बाई बघत होत्या. टोपीला त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणाल्या, घाल, पण कुणी विचारलं तर ही यॉर्कची आहे हे सांगायचं. मी रुमाल ठेवला. दर वेळी यॉर्क समजावत बसायची माझी तयारी नव्हती.

मग बाकीची झडती. चमकी काढायला लागली, टिकलीही. मंगळसूत्र झग्याच्या आत गेलं. चष्म्यावर मात्र त्या जरा अडल्या आणि म्हणाल्या, राहू दे, चुलीजवळ ठेचकाळलीस तर विम्याची भानगड माझ्याच गळ्यात.