चिलटांवर पीएच.डी.?

"चिलटांवर काम करून माणसाचं काय कळणार?" लग्नकार्यात हा प्रश्न हमखास येतो. मावशीने तर ओट्यावरच्या पिकल्या केळ्यांकडे बोट दाखवलं, "एवढंच होतं तर इथली न्यायचीस की गं!" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात मला सूक्ष्मदर्शकाखाली एक माशी दाखवली. चार पंखांची. एरवी चिलटाला पंख दोनच. त्यांच्या मागे गदेसारखे दोन इवलेसे गोळे असतात, उडताना तोल सांभाळायला. हिला त्या गोळ्यांच्या जागी अख्खे पंख होते. पंख दुप्पट, पण बिचारीला उडता येईना. जनुकशास्त्रज्ञ एडवर्ड लुईस यांनी अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेत वर्षानुवर्षं खपून अशा माश्या तयार केल्या. १९७८ साली त्यांचा गाजलेला शोधनिबंध आला, १९९५ साली नोबेल.

मला वाटलं, कुठल्यातरी जनुकाने जादा पंख घडवला असणार. निघालं उलटंच. अल्ट्राबायथोरॅक्स नावाचं जनुक तिथे पंख होऊ देत नाही. ते तिथे गप्प पडलं की पंख आपसूक होतो. अवयव कसा बांधायचा ते त्याला ठाऊकच नाही म्हणा ना. ते पेशीला फक्त पत्ता सांगतं: तू छातीच्या तिसऱ्या खंडात आहेस, इथे पंखाचा बेत रद्द. पुढची हमाली इतर जनुकांची.

आता माणसाकडे येते. १९८४च्या सुमारास माशीच्या अशा जनुकांमध्ये डीएनएच्या १८० अक्षरांचा एक जवळपास सारखाच तुकडा सापडला. मग तोच बेडकात, उंदरात, आपल्यातही. आपल्याकडे पत्ता सांगणारी ही 'हॉक्स' जनुकं ३९ आहेत, चार झुपक्यांत. गुणसूत्रावर ज्या ओळीने बसलेली, त्याच ओळीने गर्भात डोक्याकडून खाली कामाला लागतात. (इतकी शिस्त आमच्याकडच्या कुठल्याही पंगतीत मी पाहिलेली नाही.) २००३ साली त्यांतली, वेगवेगळ्या झुपक्यांतली पण दहावा क्रमांक असलेली तिन्ही जनुकं उंदरांत निकामी केली, तर त्यांच्या कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या फुटल्या. म्हणजे इथेही तेच: जनुकाचं काम बरगडी थोपवण्याचं.

मावशीला हे सगळं सांगितलं. तिने नकळत स्वतःच्या कमरेवरून हात फिरवला, आणि उठून केळ्यांवर जाळी झाकली.