शवासनात रडू आलं तर

योगा क्लासमध्ये शवासनात डोळ्यातून पाणी येणं खूप जणांना होतं पण कोणी बोलत नाही. आमच्या बॅचमधल्या एक काकू मागे चांगल्याच हुंदके देऊन रडल्या आणि नंतर सगळ्यांना सॉरी सॉरी म्हणत राहिल्या, मला फार वाईट वाटलं, सॉरी कशाला? घर, ऑफिस, फोन यात दिवस जातो, आत काय साचलंय ते बघायला फुरसतच नसते आणि मग शांत पडलं, श्वास संथ झाला की ते वर येतं. पतंजलींनी योगसूत्रात (१.३१) दुःख, मन खचणं, अंगाला कंप आणि बिघडलेला श्वास हे चारही एकत्रच सांगितलंय. आलं रडू तर येऊ द्यावं, कारण शोधत बसायची पण गरज नाही.

जोरजोरात भस्त्रिका (भात्यासारखा जोरात श्वास घ्यायचा-सोडायचा प्राणायाम) किंवा हल्ली ब्रेथवर्कच्या वर्कशॉपमध्ये म्युझिक लावून बराच वेळ भराभर श्वास घ्यायला लावतात ते मात्र वेगळं. त्यात कार्बन डायऑक्साइड पटापट बाहेर जातो, रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, मग चक्कर येते, ओठांना बोटांना मुंग्या येतात, कधी हात आखडतात, छातीत धडधडतं आणि माणूस घाबरतो, अगदी पॅनिक अटॅक आल्यासारखं. अशा वेळी कोणी "जुना ट्रॉमा बाहेर पडतोय, थांबू नका" म्हणालं तर मला खरंच राग येतो. थांबायचं! हठप्रदीपिकेतच (हठयोगाच्या जुन्या ग्रंथात) लिहिलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राण, नाहीतर तो साधकाचाच घात करतो.

थांबायचं म्हणजे डोळे उघडायचे, उठून भिंतीला टेकून बसायचं, पाय जमिनीला नीट टेकवायचे, आजूबाजूला बघायचं. श्वास नाकाने, आपोआप होईल तसा, जमलं तर सोडताना थोडा लांब. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, अजिबात नको. आणि शिक्षकांना सांगायचं, लाजायचं नाही. बीपी, हार्टचा त्रास, फिट्स किंवा प्रेग्नन्सी असेल तर हे फास्ट प्रकार मुळातच टाळा.

जुन्या आठवणी परत परत येतायत, झोप उडालीय, क्लासला जायचीच भीती वाटतेय असं झालं तर प्राणायाम काही दिवस बाजूला ठेवा आणि काउन्सेलरशी बोला. ओळखीचं कोणी नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.