जोडाखालचं फूट

जालन्यात नर्सरी आहे माझी. येणारं गिऱ्हाईक मोसंबी, केशर आंबा, नाहीतर गुलाब मागतं. लोंबता विलो कुणी मागितलाच तर मी देत नाही. थंड मुलखातलं झाड ते, आपला मे महिना त्याला सोसत नाही, असं तोंडावर सांगतो.

काकांना तो मुलानं ऑनलाइन मागवून दिला होता. जानेवारीत आला तेव्हा पाच फुटी दांडा आणि टोकाला चार-सहा लोंबत्या काड्या, पान एकही नाही. जुलैत फोन आला, "वरचं मरगळलंय रे, खालून मात्र लई जोर धरलाय." पावसानं ओढ दिलेली. मी न बघताच सांगून मोकळा झालो, "पाणी वाढवा काका, विलोला तहान भारी." चुकलंच माझं.

पंधरा दिवसांनी गेलो तर दांड्याच्या बुडापासून सहा-सात सरळसोट फांद्या निघून झाडाच्या डोक्यावर गेलेल्या. लोंबत्या काड्या काकांनी सुतळीनं वर खेचून बांबूला बांधल्या होत्या. दोन तर कापूनच टाकल्या होत्या. "मान खाली घातलेलं झाड दारात बरं दिसत नाही."

मी खालचं एक पान तोडलं, वरचं एक तोडलं आणि दोन्ही त्यांच्या तळहातावर शेजारी ठेवली. खालचं लांब, निमुळतं. वरचं गोलसर, सुरकुतलेलं, पाठीवर करडी लव. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पानं उलटीसुलटी केली. बदनापूरकडे तीस वर्षं मोसंबी केलेला माणूस हा.

"काका, मोसंबीला जोडाखालून जंबेरीचं फूट आलं तर ठेवता का?"

ते बोलले नाहीत. दांड्यावरून बोट फिरवत वर गेले आणि गाठीपाशी थांबले.

"अरे, हे तं कलम हाय!"

मोसंबी जशी जंबेरीवर बांधतात, तशीच ही लोंबती जात सरळ वाढणाऱ्या विलोच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या झाडावर, बांधतात. जोड जितका उंच, तितकंच झाड उंच; पुढे फांद्या छत्रीसारख्या खालीच उतरतात. खुंट दांडगा, त्याचं फूट ठेवलं की अन्नपाणी तोच ओढतो आणि वरचं कलम उपाशी. कोवळं असताना नुसत्या अंगठ्यानं मोडतं. इथं फूटच अंगठ्याएवढं जाड झालेलं, सिकेटरनं दांड्यालगत काढावं लागलं. सुतळ्या काकांनीच सोडल्या. बाकीच्या काड्या हळूहळू खाली आल्या, एक मात्र बांधल्याची सवय लागल्यासारखी तशीच ताठ राहिली. कुंडी उन्हातून पूर्वेच्या भिंतीला सरकवली, म्हणजे दुपारनंतर सावली.

कापलेल्या फांद्या मी गोळा करू लागलो तर काका म्हणाले, "फेकू नको." हातभर तुकडे करून त्यांनी ते पाण्याच्या बादलीत खोचले. दहा-बारा दिवसांनी फोन. "पांढरी मुळं सुटलीत रे. ओढ्याकडच्या बांधाला लावतो. ह्या तरी सरळ जातील ना?"

"ह्या सरळच जातील, काका."