पावणेअकराची बस

टूर मॅनेजरने सांगितलेली वेळ खरी नसते. बस साडेनऊला निघायची असेल तर आम्ही सव्वानऊ सांगतो, ग्रुप इंदूरचा असेल तर नऊ. कोणी तरी खोलीत चष्मा विसरतं, कुणाला ऐन वेळी चहा आठवतो, एक जण रिसेप्शनवर वायफायचा पासवर्ड विचारत उभा असतो. या सगळ्यांसाठी थोडा वेळ आधीच हाताशी ठेवावा लागतो. या धंद्यातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे, आणि नेहमी येणाऱ्या बऱ्याच प्रवाशांनाही. काकांना माहीत नव्हतं.

ही टूर मुळात त्यांच्यामुळेच निघाली. इंदुरात राजेंद्र नगरला राहतात, बँकेतून निवृत्त. तरुणपण रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर गेलं, आता एक गुडघा बदललेला. एके दिवशी ऑफिसात येऊन बसले आणि म्हणाले, "बेटा, काकूला युरोप बघायचाय, मला योकिच. एका खर्चात दोन्ही बसव." योकिच म्हणजे सर्बियाचा बास्केटबॉलपटू.

बसवायला सोपं नव्हतं. 2025 ची युरोबास्केट, म्हणजे युरोपातल्या देशांची बास्केटबॉल स्पर्धा, 27 ऑगस्ट ते 14 सप्टेंबर, आणि गटसामने चार देशांत: सायप्रसचं लिमासोल, फिनलंडचं टॅम्पेरे, पोलंडचं कातोवित्से आणि लॅटव्हियाची राजधानी रीगा. बाद फेरीपासून सगळं रीगात. काकांना लिमासोलही हवं होतं, कारण ग्रीसचा आंतेतोकुम्पो तिथे खेळणार होता. पण सायप्रस तेव्हा शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाच्या, बाहेर. मी ते पहिल्याच दिवशी कापलं. शेंगेनचा हिशेब रात्रींवर चालतो: जिथे सगळ्यात जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. म्हणून हेलसिंकी, तिथून फेरीने टालिन, मग रस्त्याने रीगा, आणि जास्त रात्री रीगात. तीस हजार युरोंचा विमा, बँकेचे कागद, हाताचे ठसे. ते काम मी डोळे मिटून करते.

शेठनी जाहिरात केली, "बाल्टिक दर्शन आणि बास्केटबॉल", आणि बस भरली. त्यातल्या जेमतेम निम्म्यांना मॅच बघायची होती. बाकीच्यांना राजवाडे, बाजार आणि फोटो. दोन वेगळ्या टूर एका बसमध्ये कोंबल्या की काय होतं हे शेठना सांगून उपयोग नसतो. ते बुकिंगचा आकडा बघतात.

फायनलची तिकिटं आमच्या बजेटात बसेनात, म्हणून 10 सप्टेंबरच्या रात्रीची उपांत्यपूर्व लढत घेतली. कोण खेळणार हे घेताना ठाऊक नसतं, रिकाम्या चौकटीची किंमत मोजायची. सर्बिया येईल असा काकांचा भरवसा होता. आम्ही टालिनला होतो तेव्हा, 6 तारखेला, फिनलंडने सर्बियाला 92-86 असं घरी पाठवलं. योकिच गेला. काकांनी ताट बाजूला सारलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "आता तरी माझ्याबरोबर चर्च बघा." दुसऱ्या दिवशी स्लोव्हेनियाने इटलीला हरवलं, त्यांच्या डॉन्चिचने एकट्याने 42 गुण केले, आणि काका पुन्हा जेवायला लागले. 10 तारखेला रात्री स्लोव्हेनियाची गाठ 2023 च्या जगज्जेत्या जर्मनीशी होती.

सगळं अडलं होतं ते ड्रायव्हरपाशी. युरोपात बसच्या ड्रायव्हरला चोवीस तासांत सलग अकरा तास विश्रांती द्यावीच लागते. आठवड्यातून काही वेळा ती नऊवर आणता येते, पण आमच्या ड्रायव्हरच्या त्या सवलती आधीच्या लांब पल्ल्यांत संपल्या होत्या. गाडीतलं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. ड्रायव्हरला हात जोडून, चिरीमिरी देऊन ते बदलत नाही, आणि मला विचाराल तर बदलूही नये. आपल्याकडे रात्रभर गाडी चालवून सकाळी डोळे चोळत पुन्हा स्टिअरिंगवर बसणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. दुसरा ड्रायव्हर घेतला असता तर प्रश्नच नव्हता. मी मागितला होता. शेठचं उत्तर, "मॅच दोन तासांची, त्यासाठी दुसरा माणूस?"

मॅच दोन तासांची असते, पण तिचा शेवट कुणाच्या हातात नसतो. दहा मिनिटांचे चार क्वार्टर, मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी. दुसऱ्या हाफमध्ये प्रत्येक संघाला तीन टाइमआउट. शेवटच्या दोन मिनिटांत तर बास्केट झाली तरी घड्याळ थांबतं, त्यामुळे ती दोन मिनिटं दहा मिनिटांपर्यंत ताणतात. बरोबरी झाली की पाच मिनिटं जादा, पुन्हा बरोबरी झाली की आणखी पाच. मी कागदावर मांडलं. मॅच नऊला सुरू, अकराच्या आसपास संपणार. ड्रायव्हरचा दिवस मुद्दाम सकाळी अकराला सुरू केला, म्हणजे बारापर्यंत तो कामावर राहू शकतो. हॉटेलवर सोडून गाडी जागेवर लावायला चाळीस मिनिटं. खरी शेवटची वेळ अकरा वीस. मी सांगितली पावणेअकरा.

दुसऱ्या दिवशी रुंडाले राजवाडा होता, रीगापासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, आणि बिगर-मॅचवाली मंडळी त्याच्यासाठीच आली होती. त्यात काकूही, तिथल्या गुलाबांच्या बागेसाठी. रात्री बस उशिरा सुटली की सकाळी उशिरा सुटणार, आणि सकाळचा राग माझ्यावर निघणार.

त्या दिवशी दुपारी जुनं शहर पाहिलं. ब्लॅकहेड्स हाउस ही मुळात चौदाव्या शतकातली इमारत, दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाली, आत्ताची 1999 साली पुन्हा बांधलेली. "मग ही नवीच म्हणायची," एक वहिनी नाराजीने म्हणाल्या. काका म्हणाले, "आपला इंदूरचा राजवाडाही जळून पुन्हा उभा राहिलाच की. त्याला नवा म्हणता का?" बसमध्ये त्यांनी माझ्याकडून माइक घेतला. युरोपची पहिली स्पर्धा 1935 ला जिनिव्हात झाली आणि ती लॅटव्हियानेच जिंकली, पुढची 1937 ला इथे रीगात, ती लिथुआनियाने नेली, हे त्यांनी असं सांगितलं की पैसे देऊन घेतलेला लोकल गाइड तोंड उघडेना.

मॅचवाल्यांना अरेनाच्या दारात सोडलं. टूर मॅनेजरला तिकीट नसतं. मी बाहेर, ग्रुपच्या कागदांची पिशवी छातीशी धरून, कधी बसमध्ये, कधी फाटकापाशी. आतून आवाज येत होता. कोणाची बास्केट झाली ते आवाजावरून कळत नाही, झाली एवढंच कळतं.

दहा चाळीसला काका बाहेर आले. एकटे.

मला आधी वाटलं, तब्येत बिघडली. म्हणाले, "नाही, पावणेअकरा सांगितले होतेस ना? मला पायऱ्या उतरायला वेळ लागतो, म्हणून जरा आधीच उठलो." चौथा क्वार्टर अर्ध्यावर होता. इंदूरहून इतक्या लांब ज्या खेळासाठी आले, त्याची शेवटची पाच मिनिटं आत चालली होती आणि काका माझ्यासमोर उभे. एकदा स्कॅन झालेलं तिकीट दारावर पुन्हा चालत नाही. मी म्हणाले, "काका, थांबला असता तरी चाललं असतं." ते म्हणाले, "मग पावणेअकरा का सांगितलंस?" रागाने नाही. खरंच विचारत होते.

मी उत्तर देणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. इंदुरात रात्रीचा सव्वा वाजून गेला होता, नातू जागा राहून मोबाइलवर मॅच बघत होता. "आजोबा, बघताय ना? जर्मनी फिरवतेय मॅच!" काकांनी माझ्याकडे पाहिलं, फोन अरेनाच्या दिशेने धरला आणि म्हणाले, "ऐक आवाज. समोरच आहे." मग तो पोरगा इंदुरातून सांगत होता आणि आजोबा रीगात, अरेनाच्या भिंतीला टेकून, प्रत्येक फ्री थ्रोला "हो, बघितलं, बघितलं" म्हणत होते. डॉन्चिचचे 39 गुण झाले तरी स्लोव्हेनिया हरला. 99-91.

बाकीचे अकरा वाजून गेल्यावर आले, गात, गळ्यात हिरवे-निळे मफलर. एकाने म्हटलं, "ताई, एक फोटो काढून द्या ना अरेनासमोर, दोन मिनिटं." त्यांतल्या एकालाही पावणेअकरा आठवत नव्हते. बस अकरा एकोणीसला निघाली. हिशेबाने सगळं बरोबर होतं, ड्रायव्हर बाराच्या आत मोकळा झाला, सकाळी रुंडालेही वेळेवर झालं. काकूंनी बागेत दीड तास काढला, काका बाकावर बसून होते.

बसमध्ये त्या रात्री काकांनी एवढंच विचारलं, "ड्रायव्हरला किती वाजेपर्यंत परवानगी होती?" मी खरं सांगितलं, बारा. त्यांनी बोटांवर काही तरी मोजलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

शेठना परत आल्यावर सांगितलं, तर ते म्हणाले, "तक्रार केली का त्यांनी? नाही ना? मग झालं." सोबतच्या मॅनेजर मैत्रिणीला सांगितलं, ती म्हणाली, खरी वेळ सांगून बघ एकदा, निम्मी बस विमानतळावर पोचणार नाही. तिचं बरोबर आहे. मी अजूनही पंधरा-वीस मिनिटं आधीचीच वेळ सांगते. पण ज्यांचा नंबर माझ्याकडे असतो आणि जे म्हातारे, शिस्तीचे दिसतात, त्यांना हल्ली बाजूला घेऊन खरी वेळ सांगावी असं वाटतं. मग ते दुसऱ्याला सांगतील, तो तिसऱ्याला, आणि महिन्याभरात माझी कुठलीच वेळ कोणी मानणार नाही. म्हणून अजून कुणाला सांगितलेली नाही.

2027 चा बास्केटबॉल वर्ल्ड कप कतारला आहे, सगळे सामने दोहात. शेठनी जाहिरातीचा मजकूर करायला सांगितलाय. काकांचा फोन जाहिरातीआधीच आला. दोन नावं लिही म्हणाले, आणि मग, "तिथे मेट्रो आहे म्हणतात. तुझी बस नको. शेवटची गाडी किती वाजता असते ते बघून ठेव, आणि मला तीच वेळ सांग."

नावं लिहून घेतली आहेत.