वाटाण्याएवढे आंबे

जानेवारीची अखेर होती. देवगड तालुक्यातल्या एका बागेतून सकाळी सातलाच फोन आला. कृषी सहायक म्हणून माझं ते दुसरंच वर्ष. पोचले तेव्हा काका कलमाखाली उकिडवे बसले होते. ओंजळीत वाटाण्याएवढे हिरवे आंबे. कातळावर सगळीकडे तोच सडा, चालताना पायाखाली चुरडत होता.

"चार येळा औषध मारलंय, ताई. त्यातच कायतरी घोळ झालो."

वर पाहिलं तर कलम मोहोराने भरलेलं. इतकी गळ आणि इतका बहर एकाच झाडावर मी कधी पाहिला नव्हता.

आधी तुडतुड्यांचा संशय आला. पण पानांवर चिकटा नव्हता, मोहोरावर भुरी नव्हती. गळलेली पंधरा-वीस फळं ब्लेडने कापली. एकही पोखरलेलं नाही. मग एक फांदी खाली ओढली आणि उलगडा झाला. डिसेंबरातल्या मोहोराचा वाळका दांडा, त्यावर तगून राहिलेली दोन फळं आणि अगदी त्याच्या बुडाशी कोवळा, गुलाबीसर नवा मोहोर.

पुनर्मोहोर!

हापूस फुलायला रात्रीचा गारवा लागतो. पक्व झालेल्या काडीला तो मिळाला की मोहोर फुटतो. त्या वर्षी डिसेंबरात थंडी पडली, मोहोर आला, फळं धरली. आणि जानेवारीत थंडी परतली ती हटेचना. कलम पुन्हा फुललं. पण पानांनी तयार केलेलं आणि काडीत साठलेलं अन्न तेवढंच. कोवळ्या मोहोराने ते ओढून घेतलं आणि धरलेली फळं उपाशी गळली. त्यात लांबलेल्या थंडीतल्या मोहोरात नर फुलंच जास्त, फळ धरणारी संयुक्त फुलं कमी. म्हणजे गेलेल्या आंब्यांची भरपाई हा नवा बहर करील, असंही नाही. काकांना हे सांगताना माझा आवाज नीट फुटत नव्हता.

पुनर्मोहोर टाळायला जिबरेलिक आम्ल हे वाढ-संजीवक पहिला मोहोर पूर्ण उमललेला असताना फवारायचं असतं. कातळावरच्या कलमांची ती वेळ टळली होती. उतारावरची कलमं मात्र उशिरा फुलली होती. तिथे त्याच दुपारी फवारणी केली: 1 ग्रॅम पूड आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून 20 लिटर पाण्यात. ती कलमं त्या हंगामात बरीच तरली.

वर कातळावरच्या बागेत हाताला येतील तेवढ्या फांद्यांवरचा नवा मोहोर खुडायचा, एवढंच उरलं होतं. मी तसं म्हटलं आणि काका माझ्याकडे बघतच राहिले.

"मोहोर तोडूचो? बापाशीन कधी मोहोराक हात लावूक दिल्यान नाय."

बराच वेळ ते फांदी धरून उभे होते. मग कलमाच्या खोडाला हात लावून त्यांनी तो कपाळाला नेला आणि पहिला तुरा खुडला.