भुयार कुठंय?

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या वाड्यात शिरा, दिंडी दरवाज्यात वाकून डोकं आत घालेपर्यंत मागून कोणीतरी विचारतंच, "भुयार कुठंय?" मे महिन्यातल्या दोन दिवसांत हा प्रश्न मी सात वेळा ऐकला. सहा वेळा उत्तर मिळालं, "होतं, पण आता बुजवलंय." सातव्या वेळी शिबिराच्या मुलांना घेऊन आलेल्या एका सरांनी कोपऱ्यातल्या अंधाऱ्या जिन्याकडे बोट दाखवलं आणि हे भुयार थेट पर्वतीला निघतं म्हणाले. मुलं खूश. तो जिना वरच्या माडीवर जात होता. मुळात तो बांधलेलाच भिंतीच्या जाडीत, म्हणून अरुंद आणि अंधारा.

ही पोस्ट त्या जिन्यामुळे लिहिली आहे.

उन्हाळा हा खरं तर वाडे बघायचा मोसम नव्हे, पण कार्यक्रम सगळे याच दिवसांत येतात. 11 एप्रिलला महात्मा फुले जयंती, त्या दिवशी गंज पेठेतल्या फुले वाड्यात पाय ठेवायला जागा नसते. 18 एप्रिलला जागतिक वारसा दिन, 18 मे रोजी जागतिक संग्रहालय दिन. मधल्या महिनाभरात मोडी लिपीचे वर्ग, चित्रकलेची शिबिरं, हेरिटेज वॉक. वॉक सकाळी सातचे असले तर जा, नऊनंतरचे असले तर घरी बसून पन्हं प्या. माझा पहिला वॉक साडेनऊचा होता आणि शनिवारवाड्याच्या पटांगणात पोचेपर्यंत निम्मी माणसं नारायण दरवाज्याच्या सावलीत जाऊन उभी होती. तिथे जोती आणि हौदच उरलेत, छप्पर नाही. 1828 च्या आगीत आतलं सगळं लाकूडकाम गेलं. चप्पल काढून दगडावर पाय टेकवून बघू नका. मी बघितलं.

आता भुयार. पुण्याखाली माणूस शिरेल असा बांधीव मार्ग खरोखरच आहे, फक्त त्यातून पेशवे पळायचे नाहीत, पाणी यायचं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या आसपास, कात्रजच्या ओढ्यावर बंधारे घालून तलाव केला आणि तिथून दगड-विटा-चुन्याची बंदिस्त नहर शहरापर्यंत आणली. पंप नाही, चाक नाही. कात्रज उंचावर, शनिवारवाडा खाली, एवढ्या उतारावर सगळा कारभार. उतार जास्त झाला तर पाणी वेगानं येऊन चुना खरवडतं, कमी झाला तर गाळ बसून नहर तुंबते, म्हणजे कारागिराला दोन्हीच्या मधला उतार मैलोन्मैल राखायचा होता. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास आहेत, जमिनीवर डोकं काढणारे चौकोनी बांधीव मनोरे. कोंडलेली हवा त्यातून निघून जाते, खालच्या खड्ड्यात गाळ बसतो, आणि तो उपसायला माणूस तिथूनच आत उतरतो. रस्त्याच्या कडेला असा एखादा उच्छ्वास दिसला की लोक त्याला देवळी समजतात किंवा कचरा टाकतात. पेठांमधल्या सार्वजनिक हौदांत हे पाणी पडायचं, काळा हौद, बुधवार हौद, फडके हौद. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजंही याच पाण्यावर. पाया खणताना कोणाला तरी ही नहर लागली असणार, आत वाकून बघितल्यावर लांबवर अंधार दिसला असणार, आणि संध्याकाळपर्यंत पेठेत भुयाराची बातमी झाली असणार.

मला राग भुयाराचा नाही. जे समोर धडधडीत दिसतंय त्याच्याकडे पाठ करून लोक जमिनीखालचं शोधतात, त्याचा आहे.

दुपारी बारा वाजता, बाहेर अंग भाजत असताना, एका वाड्याच्या खालच्या सोप्यात एक मुलगा भिंतीला पाठ लावून बसला आणि राखणदाराला म्हणाला, "काका, इथे एसी आहे का?" काका तंबाखू मळत म्हणाले, "एसी नाही रे बाळा, भिंत आहे." त्या दिवसभरात ऐकलेली सगळ्यात नेमकी माहिती हीच.

भिंत खाली काळ्या दगडाची, वर विटांची, दोन-अडीच फूट जाड. सकाळपासून बाहेरून तापायला लागते, पण ती धग आतल्या अंगाला पोचेस्तोवर दिवस कलतो. रस्त्याकडे खिडक्या लहान आणि मोजक्या, मोठी दारं सगळी चौकाकडे. रात्री गार हवा चौकात उतरून बसते आणि सकाळी अकरापर्यंत ओसरीवर रेंगाळते. डोक्यावर कडीपाट, म्हणजे सागवानी कड्या जवळजवळ टाकून वर फळ्या, फळ्यांवर वीतभर माती आणि चुना. वरच्या माडीला छपराची धग लागते, खालच्या मजल्याला ही माती वाचवते. म्हणून वाडा बघायचा क्रम लक्षात ठेवा, आधी माडी, मग तळमजला. मी उलटं केलं आणि दीड वाजता माडीवर घामानं वही भिजवली.

बिघडतं ते असं. पावसाचा त्रास नको म्हणून चौकावर प्लॅस्टिकचे पारदर्शक पत्रे टाकतात. ऊन आत येतं, गरम हवा बाहेर जात नाही, आणि ओसरीची भट्टी होते. मग चार उभे पंखे लावतात. मग त्यांच्या वायरी सागवानी तुळईवरून खिळे मारत नेतात. विश्रामबाग वाड्याची हकीकत ठाऊक असलेल्या गावात तरी हे होऊ नये. दुसऱ्या बाजीरावानं हौसेनं बांधलेला हा वाडा, 1821 साली इंग्रजांनी इथेच संस्कृत पाठशाळा सुरू केली. मे 1879 मध्ये आग लागली, बुधवारवाडा पूर्ण जळाला आणि विश्रामबागेची पूर्वेकडची बाजू गेली, ती पुढे लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशातून पुन्हा उभी राहिली. मे महिन्यातलं वाळलेलं सागवान कसं पेट घेत असेल याची कल्पना करायची तर वरच्या दरबार दालनात उभं राहून नुसते खांब मोजावेत. सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले हे खांब, कमानींच्या मध्ये लोंबणारी लाकडात कोरलेली केळफुलं, आणि दर्शनी दाराच्या वर मेघडंबरी, म्हणजे नक्षीदार सज्जा. फोटो सगळे मेघडंबरीचा काढतात.

खांबाकडे बघायचं तर खालून बघा. वाड्याचा लाकडी खांब कधीच जमिनीत पुरत नाहीत. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. खांबाच्या बुडाला छोटी खुंटी काढलेली असते, ती तळखड्यातल्या खाचेत बसते, बाकी सगळा भरवसा वरच्या ओझ्यावर. दगड मध्ये असल्यानं जमिनीची ओल लाकडात चढत नाही आणि वाळवीला वर यायचं तर दगडावरून मातीची वाट बांधत यावं लागतं, ती लगेच दिसते, झाडूनं पाडता येते.

कसबा पेठेतल्या एका वाड्यात, नाव घेत नाही, मालकांनी ओसरीवर नव्या चकचकीत फरशा बसवल्या होत्या. जुनी फरशी न काढता तिच्यावरच, सिमेंटात. जमीन चार बोटं वर आली आणि तळखडे अर्धेअधिक गडप झाले. एका कोपऱ्यात तर फरशी थेट लाकडाला भिडली होती. फरशी पुसल्यावर पाणी त्याच फटीत मुरतं. दुरुस्तीच्या कामावरच्या मिस्त्रींनी बोटाच्या पेरानं खांबावर ठोकत खाली खाली आणलं. छातीच्या उंचीला टणक आवाज, गुडघ्याशीही टणक, घोट्याशी आल्यावर बद्द. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर दोन इंच आत गेला, जोर न लावता. वरून रंग नवा, तपकिरी, चकाकणारा ऑइलपेंट. त्या रंगानंच लाकडाचा श्वास कोंडला होता.

दुरुस्तीची रीत त्यांनीच सांगितली. आधी खांबाच्या दोन्ही बाजूंनी तुळईला टेकू द्यायचे आणि जॅकनं भार उतरवायचा, एका वेळी केसभर, घाई केली तर माडीवरच्या भिंतीला तडा जातो. मग सडका भाग कापायचा, आणि बद्द आवाज जिथे संपतो तिथे नाही, त्याच्याही वर चांगलं वीतभर लाकूड सोडून. नवा तुकडा जुन्याच सागवानाचा हवा, नवं लाकूड वाळताना आकसतं आणि सांधा सैल होतो. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात पाडलेल्या वाड्यांच्या तुळया मिळतात, त्या आणायच्या. एका वाड्याच्या पायाला दुसऱ्या वाड्याचं हाड. सांधा तिरका, खांबाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट लांबीचा, त्यात लाकडी मेखा. आणि शेवटी ती फरशी तळखड्याभोवती तरी फोडायचीच, नाहीतर दहा वर्षांनी पुन्हा हेच. मालकांना बाकी सगळं पटलं, फरशी फोडायचं पटेना. नवी होती.

केळकर संग्रहालयात दोन तास गेले, तीन ठेवायला हवे होते. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेलं हे घरगुती सामान सातव्या वर्षी गेलेल्या त्यांच्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभं आहे, ते 1975 साली त्यांनी सरकारच्या स्वाधीन केलं. अडकित्ते, दिवे, दौती बघून डोळे दमतात. मी वजऱ्यांपाशी थांबले. पक्ष्याच्या आकाराची, हातात मावणारी पितळी वजरी, तळ खरखरीत. उन्हाळ्यात टाचांना भेगा पडायच्या त्या घासायला एवढा नाजूक मोर! जुन्या कापडांच्या दालनात उजेड कमी असला म्हणून कुरकुर करू नका. कापड आणि कागदाला साधारण 50 लक्सपेक्षा जास्त प्रकाश चालत नाही, रंग एकदा उडाला की परत येत नाही. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा.

आगाखान पॅलेसचा दिवस एका ओळीत: गांधीजींची इथल्या नजरकैदेतून सुटका झाली ती 6 मे 1944 ला, त्याच उन्हात मी समाध्यांपाशी पोचले, कस्तुरबा आणि महादेवभाई तिथेच राहिले.

फुले वाड्यात संध्याकाळी गेले, गर्दी नव्हती. इथे भुयार कोणी विचारत नाही. पुण्याच्या पाण्याची गोष्ट कात्रजपासून सांगत आलं की ती इथे येऊन थांबते. पेठांमध्ये हौद होते, नहरी होत्या, पण त्या पाण्याला कोणी हात लावायचा हे ठरलेलं होतं. जोतिरावांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मे महिन्यात या गोष्टीचा अर्थ वेगळा लागतो, घसा कोरडा असताना.

परतताना पुन्हा कसब्यातल्या त्या वाड्यावरून आले. मागच्या भिंतीचं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा चालू होता. सिमेंटमुळे भिंतीतली ओल आत कोंडून सगळीकडे लोणा फुटला होता, पांढरी भुकटी, हात लावला की विटेचा चुरा. चुन्यात वाळू, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. पण चुना उन्हाळ्यात लावणं जोखमीचं. तो हवेतून हळूहळू घट्ट होतो आणि तोवर त्याला ओल लागते, मेच्या उन्हात वरून चटकन वाळला तर सगळीकडे केसासारख्या चिरा. पावसाळ्यात लावला तर धुऊन जातो. खरा काळ दिवाळीनंतरचा, पण पैसे आत्ता मिळाले होते आणि मृगाच्या आत भिंत झाकायची होती. म्हणून ओली गोणपाटं टांगली होती आणि दिवसातून चार वेळा पाणी मारायचं ठरलं होतं. पेठेत त्या आठवड्यात पाणी दिवसाआड. टँकर कोणी मागवायचा यावरून मालक आणि भाडेकरूंचं चौकात जोरात चाललं होतं, आणि मिस्त्री बादलीतलं उरलेलं पाणी तांब्यानं, मोजून मोजून, गोणपाटावर शिंपडत होते.