मंगळवारी अपॉइंटमेंट

15 मार्च, रविवार. रात्रीचे साडेअकरा.

फाईल आत्ता कुठे लावून झाली. मंगळवारी सकाळी व्हिसाचा अर्ज द्यायला व्हीएफएसच्या केंद्रात जायचंय. जेवायच्या टेबलावर सगळे कागद पसरलेत. पासपोर्ट, जुना पासपोर्ट, फॉर्म, इन्शुरन्स, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयटीआर, पगाराच्या स्लिपा, शाळेची एनओसी, जर्मनीतल्या माझ्या मैत्रिणीकडून कुरिअरनं आलेला तो जर्मन कागद, आणि माझं कव्हर लेटर. मुलगा पाणी प्यायला उठला होता, म्हणाला आई हे सगळं बारा दिवसांसाठी? म्हटलं हो रे, बारा दिवसांसाठी.

खरं म्हणजे हे बारा दिवस शोधायलाच आम्हाला तीन वर्षं लागली. माझी सुट्टी मेमधे, जूनच्या मध्याला शाळा सुरू. तिच्या मुलांची मोठी सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबर, म्हणजे मी चाचणीचे पेपर तपासत असते तेव्हा. ती बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात राहते, तिथे मुलांची शाळा बुडवून कुठे जायचं हा प्रकार चालत नाही, कायद्यानं शाळा सक्तीची, दंड होतो. मग आम्ही दोघींची कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवून बघितली तेव्हा दिसलं की पेंटेकोस्टच्या सणाला धरून त्यांना मेअखेरीस दोन आठवडे सुट्टी असते. माझी सुट्टी आणि त्यांची सुट्टी फक्त तिथेच एकमेकींवर येतात. आता मला कोणी विचारलं तर मी हेच सांगीन, की आधी तिकिटं आणि ऑफर बघत बसू नका, ज्या माणसाचं कॅलेंडर सगळ्यात जास्त बांधलेलं आहे त्याच्यापासून सुरुवात करा, बाकीचं त्याभोवती बसवता येतं.

आणि पासपोर्ट बघा. मी बघितला नव्हता. दिवाळीत सहज कपाटातून काढला तर ऑगस्टमधे संपत होता. शेंगेनमधून (जर्मनीसकट एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) परत निघायच्या तारखेपुढे किमान तीन महिने व्हॅलिड असायला लागतो, माझे दोन महिने आणि वर काही दिवस भरत होते. पोटात खड्डा पडला. मग मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात चक्कर, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीतल्या दोघांना साक्षीला आणणं. झालं सगळं नीट, पण तेवढे दिवस मी तिला काही सांगितलं नव्हतं.

तिचंही काम कमी नव्हतं. तो जर्मन कागद म्हणजे फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग (हा शब्द मी आठवडाभर पाठ करत होते). त्यासाठी ती तिकडच्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात गेली, पगाराचे कागद दाखवले, 29 युरो भरले आणि सही केली की ही बाई माझ्याकडे राहणार, हिचं राहणं-खाणं, आजारी पडली तर दवाखाना, आणि वेळ आलीच तर हिला परत पाठवायचा खर्चसुद्धा माझ्यावर. वर मी 30,000 युरोचा इन्शुरन्स काढला तो वेगळा. ते पाकीट आलं त्या दिवशी मी बराच वेळ तिच्या सहीकडे बघत बसले. हॉस्टेलच्या गेटबुकात उशिरा येणाऱ्या मुलींची जबाबदारी घ्यायला दुसरीनं सही करायची असायची, तेव्हा ती माझ्यासाठी जशी सही करायची तशीच आहे ती, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढलेली.

फॉर्म भरताना मात्र एका जागी थांबले. प्रवासाचा उद्देश काय, म्हणून चौकोन दिलेत. पर्यटन, व्यवसाय, खेळ, उपचार वगैरे. त्यात एक चौकोन आहे, कुटुंबीय किंवा मित्रमंडळींना भेटणं. दोन्ही एकत्र. एकच टिक. मला एवढं बरं वाटलं ते बघून, कारण गेले चार महिने मी इथे सगळ्यांना समजावतेय आणि कुणालाच ते पटत नव्हतं. मुख्याध्यापक बाईंनी एनओसीच्या अर्जावर विचारलं, कोण आहे तिकडे, बहीण का? सासूबाई म्हणाल्या, अगं एवढे पैसे घालून मैत्रिणीकडे? आपल्याकडे परदेशी जायचं ते मुलीच्या बाळंतपणाला, मुलाच्या घरी, नाहीतर टूरबरोबर सात देश बघायला. कुणी आजारी असलं तरी समजू शकतं. पण धडधाकट मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात बसायला जायचं, यासाठी आपल्याकडे पटकन सांगता येईल असं कारणच नाही. सासूबाईंचा राग नाही मला, त्यांना त्यांच्या मैत्रिणी लग्नानंतर परत भेटल्याच नाहीत, कुणी कराडला गेली कुणी इंदूरला, आणि तेव्हा व्हिसा लागत नव्हता तरी नाही भेटल्या. परवा त्यांनीच हळूच विचारलं, काय गं, मेतकूट नेता येतं का?

मेतकूट नेता येतं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात सामानातून नेता येत नाहीत, म्हणून पेढे बाद, तूप बाद. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं चालतात.

कव्हर लेटर चारदा लिहिलं. पहिलं झालं दोन पानी. तिला वाचून दाखवलं तर ती म्हणाली अगं राणी, त्या माणसाला एवढंच कळायला हवं की तू कुठे राहणार, खर्च कोण करणार, आणि तू परत का येणार. बरोबर होतं तिचं. आता चौदा ओळी आहेत. नोकरी, 21 वर्षं एकाच शाळेत, नवरा आणि मुलगा इथे, 15 जूनला शाळेत हजर व्हायचंय. जी वाक्यं खोडली ती इथे लिहून ठेवते, कुठेतरी असायला हवीत.

गेल्या वर्षी काकू गेल्या. तिची आई. सांगलीला, पहाटे. तिला तिकीट मिळून ती फ्रँकफर्टवरून मुंबई आणि तिथून सांगली पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मी आदल्या रात्रीच तिथे होते, तिच्या जागी जे जे करायचं ते मी केलं, काकूंना हळदकुंकू लावलं, पदर नीट केला. ती आली तेव्हा दारात उभी राहून तिनं फक्त विचारलं, कुठली साडी नेसवलीस? मी म्हटलं हिरवी, तू आणलेली. मग तेराव्यापर्यंत आम्ही एकाच खोलीत झोपलो पण बोलणं असं झालंच नाही, माणसं येत होती, चहा करायचा, जागा द्यायची, रात्री अंग टाकलं की झोप. निघताना रिक्षात बसली आणि म्हणाली, तू ये गं एकदा, मला तुला सगळं विचारायचंय, शेवटची रात्र कशी होती ते. फोनवर नको.

हे व्हिसा ऑफिसरला सांगायची काही गरज नाही. पण मी जातेय ते याच्यासाठी.

एरवी ती येतेच दर दोन वर्षांनी ऑगस्टमधे, भर पावसात, तीन आठवडे. त्यातला एक आठवडा सासरी, एक सांगलीला, उरलेल्यात बँका, दात, आधारचं काम, मुलांना शनिवारवाडा. माझ्या वाट्याला मागच्या खेपेला दीड तास आला होता, तोही डेक्कनवरच्या एका हॉटेलात, दोघींची मुलं सोबत घेऊन. तिनं काय करावं, तिला सगळ्यांकडे जावंच लागतं. म्हणून मला वाटतं की परदेशातल्या माणसाला निवांत भेटायचं असेल तर आपणच तिकडे जावं, तिच्या रोजच्या दिवसात.

आमची तिसरी मैत्रीण न्यू जर्सीला असते. ती पण येणार होती, चार दिवसांसाठी का होईना. पण तिच्या एच-वन-बीचं, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाचं, स्टॅम्पिंग संपलंय, आत राहायला अडचण नाही, कागदपत्रं वैध आहेत, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत शिरायला नवा स्टॅम्प हवा. तो आधी वाटेत तिसऱ्या देशातसुद्धा घेता यायचा कधी कधी, गेल्या सप्टेंबरपासून सांगितलंय की आपल्या देशात नाहीतर राहत्या देशातच अर्ज करा. मग भारतात यायचं, तर डिसेंबरपासून सोशल मीडिया तपासणीचा नियम आला आणि कित्येकांच्या तारखा महिनोन्‌महिने पुढे गेल्या, नोकऱ्या तिकडे आणि माणसं इकडे अडकली. तिनं हिशोब केला आणि शांतपणे म्हणाली, मी नाही येत गं, मला टेबलावर फोन टेकवून ठेवा. आम्ही दोघी गप्प. सगळे म्हणतात जग जवळ आलंय. आवाज जवळ आलाय, हे मान्य. 2019 पासून तिला कुणी मिठी मारलेली नाही आमच्यापैकी.

आणि सामानात मेन गोष्ट म्हणजे काकूंचं पुरणयंत्र. हिला आईच्या वस्तूंमधलं तेवढंच हवंय, तिथे ती गाळणीवर वाटीनं पुरण घासते. पितळी आहे, मुठीचं लाकूड काकूंच्या हातानं एका बाजूनं झिजून सपाट झालंय. तिथेच बोट ठेवलं की बरोबर बसतं. मी किचनच्या काट्यावर ठेवून बघितलं, जाळी सोडून 1 किलो 850 ग्रॅम. धातूची एवढी जड वस्तू, केबिनमधे नको, चेक-इन बॅगेतच ठेवीन, दोन टॉवेलांत गुंडाळून. बारीक भोकांची जाळी मात्र कुठेच नव्हती, आणि पुरणाला तीच लागते. काकांना गेल्या रविवारी फोन केला होता. ते म्हणाले बघतो, मला तिच्या फळीवरचं काही ठाऊक नाही.

गुरुवारी पाडवा. पुरण घालीन म्हणते, यंत्र चालतंय ना तेही कळेल. पासपोर्ट तोवर परत येणार नाही, पंधरा दिवस तर धरायचेच, क्वचित पंचेचाळीसपर्यंतही जातात. तिकीट त्यानंतरच. परत आल्यावर पासपोर्टवर शिक्का दाखवीन असं मी मुलाला म्हणाले होते, तर आता गेल्या ऑक्टोबरपासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायला सुरुवात झालीय. असू दे.

29 तारखेला तिकडची घड्याळं तासभर पुढे जातील, मग आमच्यात साडेचारऐवजी साडेतीन तासांचं अंतर. म्हणजे माझी भांडी आवरून होईपर्यंत ती ऑफिसमधून घरी पोचलेली असेल, बोलायला थोडा जास्त वेळ.

हे लिहितानाच काकांचा मेसेज आलाय, जागेच आहेत अजून. जाळी सापडली. शेवयांच्या डब्यात होती, कागदात गुंडाळलेली. उद्या एसटीच्या पार्सलनं पाठवतायत, स्वारगेटला घ्यायला जायचंय.